थंडीत उघड्यावर झोपायला वळकटी कसली न्यावी?

रानवाट_फोंडा: जानेवारीत आम्ही चौघे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) दोन रात्री उघड्यावर झोपणार. ऑस्ट्रेलियातली स्वॅग नावाची कॅनव्हासची वळकटी व्हिडिओत बघितली, गादी आतच असते. घ्यावी का? घरी आजोबांचा आगगाडीच्या प्रवासाचा होल्डॉलही (अंथरूण गुंडाळायची पट्ट्यांची कॅनव्हासची पिशवी) पडून आहे.

सासष्टीकर: स्वॅग गाडीच्या डिकीतून नेणाऱ्यांसाठी. एकट्याची सुद्धा सहज पाच-सात किलो भरते.

वाळपयची_मावशी: पोरांनो, आधी कुळागरातून बाहेर या! पाटाच्या पाण्याने जमीन ओली, आणि वरून झावळ कधी पडेल नेम नाही. मामाचं सारवलेलं खळं असेल तर तिथेच पथारी टाका.

पाचोळ्यावर तर मुळीच नको, त्यात गोचीड असते. सत्तरीत 2015 पासून गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि त्याचा हंगाम नेमका थंडी ते उन्हाळा. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला फिरकू नका. परतल्यावर ताप आला तर रानात झोपलो होतो हे डॉक्टरला आधी सांगा.

आता अंथरूण. आपल्या थंडीला जाड स्लीपिंग बॅग लागत नाही. छळतं ते दंव, आणि खालची गार जमीन. कापसाची गादी दंव पिऊन बसते, लवकर वाळत नाही. ट्रेकिंगवाल्यांची फोमची चटई घ्या, तिच्यात पाणी मुरत नाही. अंगाखाली पांघरूण चेपून त्यातली हवा जाते, म्हणून पाठीला ऊब चटईचीच. खाली ताडपत्री हवी, पण तिची कड चटईबाहेर ठेवू नका, दंव ओघळून पाठीखाली येतं. वर गोधडी पुरे.

होल्डॉल मात्र न्याच. सगळं त्यात गुंडाळून पट्टे आवळले की झालं. पंढरीला चालत जाणारे आमच्याकडचे लोक प्लास्टिकच्या कागदात कांबळं गुंडाळून निघतात, त्यांना कुणीतरी स्वॅगची किंमत सांगा!

रानवाट_फोंडा: स्वॅग रद्द. मावशी, होल्डॉल उघडला तर बुरशीचा वास येतोय, पट्टेही कडक झालेत.

वाळपयची_मावशी: कोरड्या ब्रशने झाड आणि दोन्ही बाजूंनी चांगलं ऊन दे. कपड्यांचा साबण लावू नकोस, कॅनव्हासला पाणी थोपवणारा लेप असेल तर तो निघून जाईल. पट्टे मोच्याकडून नवे घालून घे, नाहीतर सुंभ आहेच.