असफ अली यांना वॉशिंग्टनला पाठवणे: सन्मान की उचलबांगडी?

प्रश्न
अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ पासून स्थानबद्ध असलेल्या काँग्रेस नेत्यांपैकी असफ अली यांच्याविषयी मराठीत फारच त्रोटक लिहिलेले आढळते. दिल्लीतील वकिली आणि तिथल्या काँग्रेसचे राजकारण यांत हयात घालवलेले हे गृहस्थ सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात रेल्वेमंत्री झाले आणि वर्षही उलटले नाही तोच, १९४७ च्या आरंभी, भारताचे पहिले राजदूत म्हणून अमेरिकेला रवाना झाले. सत्तांतर तोंडावर आलेले असताना मंत्रिपदावरून थेट परदेशी पाठवणी होणे, याचा अर्थ जाणकारांनी कसा लावला आहे?

प्रतिसाद १
उचलबांगडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परराष्ट्र सेवा उभारण्याचा निर्णयच मुळी ऑक्टोबर १९४६ मधला. अनुभवी म्हणावेत असे अधिकारी आयसीएसमधले, म्हणजे कालपर्यंत ब्रिटिशांची चाकरी केलेले. त्यामुळे पक्षातलीच माणसे निवडली गेली. अलाहाबाद नगरपालिकेपासून सुरुवात केलेल्या विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोला गेल्या, तर काशीचे श्रीप्रकाश (पुढे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल) कराचीला उच्चायुक्त झाले. असफ अलींनी १९२९ च्या असेंब्ली बॉम्ब खटल्यात बटुकेश्वर दत्त यांचे वकीलपत्र घेतले होते आणि आझाद हिंद फौजेच्या खटल्यात बचाव समितीचे काम सांभाळले होते. शिवाय नगरच्या कैदेत लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत ज्या चार सोबत्यांचे नेहरूंनी खास ऋण मानले, त्यांत हे एक. इतका विश्वासातला माणूस कोणी अडगळीत टाकत नाही.

प्रतिसाद २
विश्वास होता हे मान्य, पण न्यायालयात बाजू मांडणे वेगळे आणि परक्या राजधानीत, हाताशी जेमतेम यंत्रणा असताना, आपल्या देशाचे वजन निर्माण करणे वेगळे. १९४८ मध्येच ते परतले आणि त्यांच्या जागी बेनेगल रामा राव हे आयसीएस अधिकारी गेले, ही गोष्ट बोलकी आहे. अर्थात सगळा दोष त्यांच्या माथी मारू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या आमसभेत शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मींकडे आणि पुढच्या जानेवारीत काश्मीरचा प्रश्न मांडायला गोपालस्वामी अय्यंगार. मोठी कामे अशी परस्पर होत असतील, तर वॉशिंग्टनमधल्या राजदूताने कर्तबगारी दाखवायची तरी कुठे?

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. तरीही मंत्रिपदाचा मुद्दा उरतोच. १५ ऑगस्टच्या मंत्रिमंडळात रेल्वे खाते जॉन मथाई यांच्याकडे गेले, आणि मथाई तर काँग्रेसचेही नव्हते. तेव्हा असफ अलींसारख्या जुन्या कार्यकर्त्याला दिल्लीत ठेवणे अशक्य होते, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १
अशक्य नव्हते, आवश्यक वाटले नसावे. परतल्यावर त्यांना ओडिशाचे राज्यपाल केले गेले, आणि तिथे मुख्यमंत्री कोण, तर नगरच्या किल्ल्यातले सहबंदी हरेकृष्ण महताब! त्यानंतर पुन्हा स्वित्झर्लंडची जबाबदारी मिळाली आणि १९५३ मध्ये बर्न येथे, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनची कारकीर्द फसली असे नेहरूंचे मत असते, तर त्यांना दुसऱ्यांदा परदेशी पाठवले गेले नसते.