मदत हवी आहे: जुनी एल्मार लेन्स अस्सल आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

धागाकर्ता: बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात लायका कॅमेरे बनवणाऱ्या लायट्झ या जर्मन कंपनीची ५० मिमी, ३.५ छिद्राची एल्मार लेन्स पाहिली. पुढच्या कड्यावर नाव आणि क्रमांक सुबक कोरलेले आहेत आणि लेन्स महायुद्धाच्या काळातली असल्याचे विक्रेता सांगतो. रविवारपर्यंतच तो ती राखून ठेवणार असल्याने कृपया लवकर आणि नेमके सांगावे.

सिंहगड रस्ता: क्रमांक पाहा. लायट्झचे क्रमांक वर्षानुसार दिलेल्या याद्या मिळतात. वर्ष जुळले, तर निःशंक घ्या.

पेठकर: याच्याशी मी पूर्ण असहमत आहे. सोव्हिएत फेड आणि झोर्की हे कॅमेरे लायकाच्या नमुन्यावर बनत आणि त्यांच्यावरची इंदुस्तार-२२ ही लेन्स एल्मारसारखीच आत सरकणारी असते. पुढे अनेकांनी मूळ अक्षरे घासून त्या जागी लायकाचे नाव कोरले. ज्याला नाव कोरता येते, त्याला यादीतला क्रमांकही कोरता येतो. धागाकर्ते, लेन्स सुटी आहे की कॅमेऱ्यासोबत?

औंधवासी: पुण्याच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. लेन्समधून विजेरीचा प्रकाश आरपार टाकून जाळे दिसते का पाहा आणि घरी डब्यात सिलिका जेल ठेवा.

धागाकर्ता: बुरशीचे लक्षात ठेवतो, पण माझा प्रश्न अस्सलपणाचा आहे. कॅमेरा सोबत आहे. त्यावर सोनेरी मुलामा असून वर गरुडाचे चिन्ह आहे.

पेठकर: हे पहिल्याच नोंदीत यायला हवे होते, कारण सोनेरी मुलामा आणि गरुड हा बनावट लायकांचा नेहमीचा साज आहे. तरीही केवळ त्यावरून निकाल देऊ नये, कारण लायकाने १९३० च्या सुमारास सोनेरी मुलाम्याचे मोजके कॅमेरे खरोखरच काढले होते. लेन्स फिरवून काढा आणि कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला असलेली छोटी तरफ पाहा: लायकात तिच्या टोकाला फिरणारे गोल चाक असते, फेड-झोर्कीत दातासारखे भरीव टोक. मग लेन्समधला प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या पाकळ्या शक्य तितक्या मिटवा, विजेरी समोरून किंचित तिरकी धरा आणि पाकळ्यांच्या अलीकडे दिव्याची किती प्रतिबिंबे दिसतात ते मोजा. एल्मारमध्ये पाकळ्या पहिल्याच भिंगामागे असतात, म्हणून दोन दिसतील. इंदुस्तारमध्ये त्या दुसऱ्या भिंगामागे असतात, म्हणून चार. कोरलेली अक्षरे बदलता येतात, भिंगांची ही रचना बदलता येत नाही.

सिंहगड रस्ता: एवढा खटाटोप करण्यापेक्षा हेलिऑस ४४-२ घ्यावी. ती ५८ मिमीची, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावरची सोव्हिएत लेन्स आहे आणि तिच्यावर तिचे स्वतःचेच नाव असते.

पेठकर: त्यांनी कोणती लेन्स घ्यावी हे विचारलेले नाही.

धागाकर्ता: आज सकाळी विजेरी घेऊन गेलो होतो. तरफेला चाक नाही आणि प्रतिबिंबे चार आहेत. विक्रेत्यालाही दाखवले, त्याने स्वतः ती लायका म्हणूनच विकत घेतली होती, त्यामुळे त्याला फार वाईट वाटले. आता तो कॅमेऱ्यासकट एक तृतीयांश किमतीत द्यायला तयार आहे. फेड म्हणून घ्यावा का?

पेठकर: शटरचा कापडी पडदा उजेडासमोर धरून पाहिला का? त्याला भोके असतील तर या किमतीतही घेऊ नका.