मदत हवी आहे: भाचीबरोबर ‘हकलबरी फिन’ कसं वाचू?

नमस्कार मंडळी. तेरा वर्षांच्या भाचीबरोबर हार्पर ली यांचं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) नुकतंच वाचून संपवलं. त्यातल्या निरपराध काळ्या माणसावरच्या खटल्यापेक्षा तिला शाळेतल्या मिस गेट्स बाई जास्त खुपल्या. वर्गात हिटलर ज्यूंना छळतो म्हणून हळहळायचं आणि कोर्टातून बाहेर पडताना काळ्या लोकांना धडा शिकवायलाच हवा होता म्हणायचं! “मावशी, ह्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही का गं?” मी गप्प.

आता मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ घ्यायचंय. पुस्तकातल्या पोराला, हकला, शिस्त नि प्रार्थना शिकवणारी मिस वॉटसन आपल्या काळ्या गुलामाला, जिमला, आठशे डॉलरला विकायच्या बेतात असते, हे पोरीला नक्की टोचेल. अडचण आहे ती काळ्या लोकांसाठीच्या ‘एन’ने सुरू होणाऱ्या त्या इंग्रजी शिवीची. पुस्तकात ती दोनशेहून जास्त वेळा येते. २०११च्या एका अमेरिकी आवृत्तीत तिच्या जागी ‘गुलाम’ घातलंय, पण मला ते सपक वाटतं. (हक पोरगा वाईट नाही, शब्द गावाने दिलेला. तेच तर कळायला हवं ना?)

मूळच घेतलं, तर मोठ्याने वाचताना तो शब्द उच्चारावा की गाळावा? मराठीत समजावताना तुम्ही कोणता शब्द वापरलात? मुलांबरोबर हे वाचलेल्यांनी प्लीज सांगा.