सकाळी कॉफी, रात्री एकदाच पोटभर: अडचण कुठे येते
सकाळी नुसत्या कॉफीवर भागवून रात्री एकदाच दाबून जेवलं तर चालतं का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. कॅलरी भरतात हो, पण प्रथिनं मागे पडतात. किलोमागे ०.८ ग्रॅम धरलं तर ६० किलो वजनाला रोज ४८ ग्रॅम लागतात; एका ताटात ते बसवणं अवघड. सकाळी २ उकडलेली अंडी (सुमारे १२ ग्रॅम) आणि २५० मिली दूध (८ ग्रॅम) घेतलं की २० ग्रॅम तिथेच झाले. अंडी आदल्या रात्री उकडून टरफलासकट फ्रीजमध्ये ठेवा, सोलून ठेवली तर सुकतात.

कॉफी जेवणाला चिकटून नकोच. तिच्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या वनस्पतिजन्य घटकांमुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं. तासभर थांबा. मासिक पाळी असणाऱ्या मुलींनी तर हे नक्की पाळावं, त्यांची लोहाची गरज जास्त असते.