मदत हवी आहे: डेबियन (लिनक्स) पॅकेज बांधताना ३ टेस्ट फेल, एरवी सगळ्या पास

सी++ मधली लायब्ररी आहे, बिल्ड सीमेकने (बिल्डची मांडणी करणारं साधन) होतं. हाताने रिलीज बिल्ड करून सीटेस्ट (सीमेकचं टेस्ट चालवणारं साधन) चालवलं की १४८ पैकी १४८ पास. तोच सोर्स एसबिल्डने (डेबियनचं पॅकेज बांधणारं साधन) कोऱ्या क्रूटमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या जागेत) बांधायला घेतला की डीएच_ऑटो_टेस्ट या टेस्ट चालवायच्या टप्प्यापाशी गाडी अडते:

फेच_टेस्ट: दर वेळी फेल. होस्टचं नाव सापडत नाही.
पार्सर_टेस्ट: दर वेळी फेल. असर्टवर (अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) येऊन अबॉर्ट.
सर्व्हर_टेस्ट: कधी पास, कधी फेल. एरर येते ती पोर्ट आधीच वापरात असल्याची.

डेबहेल्परची (पॅकेज बांधायच्या स्क्रिप्टचा संच) कॉम्पॅट पातळी, म्हणजे तो कोणत्या टप्प्याच्या नियमांनी वागतो तो आकडा, १३ आहे. नोचेक (टेस्ट वगळणारा पर्याय) दिलं तर पॅकेज तयार होतं, पण टेस्ट बंद ठेवून ते पुढे पाठवायचं नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
पार्सर_टेस्टपासून करा. बाकीच्या दोन टेस्टमध्ये अडचण वातावरणाची आहे, इथे मात्र कोडमध्ये खरा बग असण्याची दाट शक्यता आहे.

सीमेकच्या रिलीज बिल्डमध्ये एनडीबग (असर्ट बंद करणारा मॅक्रो) डिफाइन होतं आणि सगळे असर्ट कोडमधून गळून पडतात. डेबहेल्पर बिल्ड टाइप 'नन' देतो, तिथे ते शाबूत राहतात. म्हणजे तुमच्या १४८ पासपैकी असर्टवर विसंबलेल्या टेस्ट काहीच तपासत नव्हत्या! वेगळ्या फोल्डरमध्ये 'नन' टाइपने बिल्ड करा आणि फक्त ही टेस्ट 'आउटपुट-ऑन-फेल्युअर' लावून चालवा. टेस्टच्या फाइल्समध्ये सीअसर्ट हेडरच्या आधी एनडीबग अनडिफाइन करून ठेवलंत, तर कुठल्याही बिल्डमध्ये तपासणी चालू राहील.

फेच_टेस्ट: डेबियनच्या धोरणानुसार मेन विभागातल्या पॅकेजला बिल्ड चालू असताना नेटवर्क वापरता येत नाही, लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलायचा नेटवर्क मार्ग) तेवढा चालतो. उत्तम उपाय म्हणजे लूपबॅकच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर छोटा सर्व्हर उठवून नमुना फाइल तिथून देणं. ते जमेपर्यंत रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) डीएच_ऑटो_टेस्ट ओव्हरराइड करून सीटेस्टच्या कॅपिटल 'ई' पर्यायाने तेवढी एकच टेस्ट वगळा. तिथे रेगेक्स (नावं जुळवायचा नमुना) लागतो, त्यामुळे नावाच्या आधी कॅरेट (^, म्हणजे 'नाव इथून सुरू') हवाच, नाहीतर प्रीफेच_टेस्ट नावाची टेस्ट असली तर तीही नकळत गळेल. लॉगमध्ये बरोबर १४७ चा आकडा दिसला पाहिजे.

प्रतिसाद २
सर्व्हर_टेस्टबद्दल. हाताने चालवलेलं सीटेस्ट टेस्ट एकामागून एक घेतं. डेबहेल्पर कॉम्पॅट १० पासून त्या समांतर चालवतो. दोन टेस्ट एकच ठरावीक पोर्ट मागतात आणि उशिरा पोचलेली पडते. हेच घरी घडवून आणायला ८ जॉब, 'शेड्यूल-रँडम' आणि 'रिपीट अनटिल-फेल:५०' एकत्र द्या (रिपीटसाठी सीमेक ३.१७ किंवा पुढचं). सगळा संच चालवा. एकटी टेस्ट ५० वेळा फिरवलीत तर टक्कर व्हायला समोर कुणी नसतं.

दुरुस्ती: बाइंड करताना पोर्ट ० द्या, कर्नल मोकळा पोर्ट निवडतो, तो गेटसॉकनेम फंक्शनने विचारून घ्या. कोड बदलता येत नसेल तर दोन्ही टेस्टना सीमेकच्या सेट_टेस्ट्स_प्रॉपर्टीजमधून एकाच नावाचा रिसोर्स_लॉक लावा, म्हणजे त्या एकाच वेळी चालत नाहीत. 'नो-पॅरलल' (सगळं एकामागून एक) लावू नका, त्याने बग तसाच राहतो आणि बिल्ड मात्र रेंगाळतं.

एसबिल्डला 'बिल्ड-फेल्ड-कमांड्स'मध्ये एसबिल्ड_शेल द्या. फेल झाल्या जागी क्रूटमध्येच शेल मिळतो, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

धागाकर्ता
'नन'मध्ये पार्सर_टेस्ट लगेच पडली. रिकामी ओळ आली की लांबीतून १ वजा होतो, आणि लांबी अनसाइन्ड (ऋण होऊ न शकणारी) असल्याने अवाढव्य आकडा तयार होतो. पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवतोय. रिसोर्स_लॉकनंतर ५० फेऱ्या स्वच्छ. फेच_टेस्टला लोकल सर्व्हर दिला, पण नेटवर्क तोडून तपासायला अनशेअरखाली (प्रोग्रॅमला वेगळं नेटवर्क देणारी कमांड) चालवली तर 'नेटवर्क पोहोचत नाही' म्हणते.

प्रतिसाद २
अनशेअरने बनवलेल्या नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये लूपबॅकसुद्धा बंद असतो. सीटेस्टच्या आधी त्याच शेलमध्ये 'आयपी लिंक सेट एलओ अप' चालवा. अनशेअरला रूट मॅप करणारा 'आर' पर्याय दिला असेल तर सुडो लागत नाही. टेस्टमध्ये पत्ता १२७.०.०.१ असाच लिहा, लोकलहोस्ट नको; म्हणजे नाव शोधण्याची भानगडच उरत नाही.