ओटीपोटाचं दुखणं, सोनोग्राफी नॉर्मल. आधी एमआरआय की थेट लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया)?

मदत हवी आहे. धाकटी बहीण, वय 31, सांगलीत असते. आठ महिने ओटीपोट दुखतंय; आधी फक्त पाळीत, आता मधल्या दिवसांतही. पाळीत शौचाला बसली की अशी कळ येते की भिंतीला धरून उठते.

सोनोग्राफी दोनदा नॉर्मल, लघवीची तपासणीही. मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामक गोळीने चार तास बरं, पुन्हा तेच. "मूल झालं की थांबेल" हे उत्तर कृपया नको, खूप ऐकलंय. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) साध्या सोनोग्राफीत नजरेतून सुटू शकतो म्हणे मिरजेतले डॉक्टर; ते लॅप्रोस्कोपी सुचवतात. दुसरे म्हणतात, आधी तीन महिने डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, 2 मिग्रॅ. पण त्या गोळीवर सहसा दिवस राहत नाहीत आणि तिला मूल लवकर हवंय. रजा आठच दिवस.

ज्यांनी लॅप्रोस्कोपी केली त्यांनी सांगा: आधी एमआरआयचा उपयोग झाला का, आणि निदान व उपचार एकाच भुलीत उरकले का?