हातात चिप बसवून घ्यायला हरकत काय? (फौंड्रीवाल्यांच्या पोस्टला उत्तर)

वडणगेकर:
परवा फौंड्रीवाल्यांनी इथं लांबलचक पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या थ्री स्क्वेअर मार्केट कंपनीनं २०१७ मध्ये पन्नासेक कर्मचाऱ्यांच्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात, चिप घातली. त्यानं दार उघडतं, कॉम्प्युटर सुरू होतो, खाण्याच्या मशीनचे पैसे जातात. स्वीडनमध्ये हजारोंनी हौसेनं बसवून घेतली, तिथल्या रेल्वेनं हातातली चिप वाचून तिकीट तपासलं. आणि आपण कोल्हापूरकर अजून गेटवर पंचिंगच्या रांगेत. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलंय, 'ज्याला लपवायचं काही नाही त्याला भ्यायचं कारण नाही.' तिथं माझं डोकं फिरलं. लपवायचं काही नसेल तर साहेबांनी आधी आपलं पासबुक इथं टाकावं.

चिपला मी भीत नाही. १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड काचेची नळी. आत बॅटरी नाही, रीडर म्हणजे ती वाचणारं यंत्र अगदी जवळ नेलं की एक नंबर सांगते, बास. पण रीडर कुणाचा आणि नोंद कुणाकडं? कार्ड असलं की पाळी सुटल्यावर खुंटीला अडकवून घरी जाता येतं. हात कुठं अडकवायचा? उद्या मालकानं संडासाच्या दाराला रीडर लावला तर कोण किती वेळ आत होता तेही निघेल. 'ऐच्छिक आहे' म्हणे. ठेकेदारानं 'ऐच्छिक आहे, पण तुझं तू बघ' म्हटल्यावर नाही म्हणायची कंत्राटी कामगाराची टाप आहे का?

त्याच विस्कॉन्सिननं २००६ मध्ये कायदा केलाय की कुणावरही चिपची सक्ती करता येणार नाही. म्हणजे त्या कंपनीच्या आधी ११ वर्षं. त्यांना काय हौस होती?

फौंड्रीवाला:
माझ्या नावानं धागा काढल्याबद्दल आभारी आहे. आता जरा शेडमध्ये या. कार्ड दिलं तर एकाचं कार्ड दुसरा पंच करतोय. थंब मशीन लावलं तर वाळूत आणि तापल्या मालात काम करून बोटांच्या रेषा गेलेल्या, निम्म्यांचा थंबच लागत नाही. मग पगाराच्या दिवशी 'साहेब, माझे दोन दिवस का कापले' म्हणून माझ्याच केबिनबाहेर भांडण. चेहऱ्याचं मशीन आणलं, ते धुरानं चार दिवसांत आंधळं. हे सगळं सोसून मी लिहिलंय, खुर्चीत बसून नाही.

आणि माग काढायचं म्हणाल तर जीपीएसला बॅटरी लागते. या चिपमध्ये बॅटरीच नाही हे तुम्हीच लिहिलंय, मग माग कसा निघणार? २०१६ ला दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी सापडते म्हणून टीव्हीवर सांगत होते. रिझर्व्ह बँकेनं असलं काही नाही म्हटलं तरी आमचे मेव्हणे महिनाभर ती नोट घरात आणायला तयार नव्हते. तुमचा धागा त्याच जातीचा आहे. खिशातला मोबाईल दिवसभर तुमची वाट सांगतोय, त्याचं काही नाही.

सिस्टर_कोल्हापूर:
दोघं गेटवरच अडकलाय. मी दवाखान्यातलं सांगते. हायवेवरून बेशुद्ध पेशंट येतो, पाकीट जागेवर कुणीतरी लांबवलेलं. शुगरचा आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, कुणाला विचारायचं? डोक्याला मार लागलेल्या पेशंटला ती गोळी चालू असेल तर सगळा हिशेबच बदलतो.

घरचंही सांगते. आमच्या मामंजींना विसरायचा आजार आहे. चैत्र यात्रेत जोतिबाला गर्दीत हात सुटला. संध्याकाळी खाली केर्लीत एका टपरीवर बसलेले सापडले. स्वतःचं नाव सांगत होते, पण गाव लहानपणचं. त्या दिवशी मला कुणी म्हटलं असतं चिप बसवा, तर मी दोन्ही हातांना बसवली असती. खासगीपणा वगैरे ज्यांचं माणूस हरवलं नाही त्यांनी बोलावं.

वडणगेकर:
सिस्टर, मामंजींचं वाचून वाईट वाटलं. पण त्या टपरीवाल्याकडं रीडर होता का? असता तरी त्याला काय दिसलं असतं? १६ आकडे.

तुम्ही म्हणताय तेच करायला अमेरिकेत व्हेरिचिप निघाली होती. २००४ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्यानं, एफडीएनं, परवानगी दिली. हातात फक्त नंबर, आजाराची माहिती कंपनीच्या कॉम्प्युटरवर. त्या परवानगीच्या पत्रातच धोके लिहिले होते: चिप जागेवरून सरकू शकते, एमआरआयला अडचण, माहितीची सुरक्षितता. २००६ मध्ये तिची नक्कल करता येते हे जाहीर करून दाखवलं गेलं. २०१० मध्ये विक्रीच बंद. ज्यांनी बसवून घेतली त्यांच्या दंडात काच राहिली. दुकानानं शटर ओढल्यावर तो नंबर कुणाला विचारायचा?

सिस्टर_कोल्हापूर:
पेसमेकर पण शरीरातच असतो. तो नको म्हणून कुणी धागा काढला नाही.

वडणगेकर:
पेसमेकर जीव वाचवतो, हजेरी लावत नाही. आणि २०१७ मध्ये बाहेरून छेडछाड होऊ शकते म्हणून एकट्या अमेरिकेत ४ लाख ६५ हजार पेसमेकरचं सॉफ्टवेअर बदलायला बोलवावं लागलं. जिथं जीवाचा प्रश्न आहे तिथं तो धोका पत्करू. कॅन्टीनच्या चहासाठी नाही.

लॉ_सेकंड_इयर:
कायद्याची बाजू कुणीच मांडली नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि बंधन त्या हेतूच्या प्रमाणात हवं. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मुक्तपणे दिलेली असावी लागते.

फौंड्रीवाला:
बाळा, परीक्षा कधी आहे?

उसाचा_फड:
चिप राहू द्या. मशीनवर इश्वास ठेवा म्हणताय म्हणून बोलतो. आमच्याकडं ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढला की आकडा काय दिसंल ते देवाला ठाऊक. बाहेरच्या काट्यावर वजन करून गेलो तर म्हणत्यात हा ऊस उतरून घेत नाही, जावा जिथं वजन केलंय तिथं. वजन घेणारा लोडसेल त्यांचा, स्क्रीन त्यांची, पावती त्यांची. आम्ही फक्त ऊस आणायचा. कारखान्याचं नाव घेत नाही, तालुक्यात सगळ्यांना म्हाईत आहे. आधी काट्याचं निस्तरा, मग हातात घाला चिपा.

संस्थेचा_सेक्रेटरी:
सगळे काटे खोटे असं सरसकट बोलू नका. सरकारचे वैधमापनवाले येऊन वजन-मापं तपासून जातात.

उसाचा_फड:
येणार हे कारखान्याला आदल्या दिवशी कळतंय. आणि सेक्रेटरी, तुमच्या दूध संस्थेतल्या फॅटच्या मशीनचं पण बोलू काय? एकाच म्हशीचं दूध सकाळी एक फॅट, संध्याकाळी दुसरं, आणि चेअरमनच्या भावाच्या म्हशीला कायम वरचं.

संस्थेचा_सेक्रेटरी:
तोंड सांभाळून. म्हशीनं सकाळ-संध्याकाळ एकच फॅट द्यायला ती काय नळ आहे? वैरण बदलली, पाणी कमी-जास्त झालं, धार पूर्ण काढली नाही की फॅट हलतं. शेवटच्या धारेत फॅट जास्त असतं. ती तुम्ही रेडकाला सोडता आणि मग माझ्या दारात ओरडता. बावीस गावांत विचारा माझ्याबद्दल.

उसाचा_फड:
मापात पाप करणाऱ्याला गावं मोजायची सवय असतीच.

संस्थेचा_सेक्रेटरी:
उद्या सकाळी संस्थेत ये. सगळ्यांसमोर मशीन लावतो. नाही आलास तर इथं लिही की खोटं बोललो.

रंकाळा_खाऊगल्ली:
चिपवरून म्हशीच्या धारेवर आलो. नाद खुळा.

वडणगेकर:
आलोय ते बरोबरच जागी आलोय. फडाचा राग सेक्रेटरींवर निघाला, ते त्यांनी उद्या संस्थेत मिटवावं. पण त्याचं दुखणं तेच माझं आहे. यंत्र एकाच्या ताब्यात आणि पैसे दुसऱ्याचे कापले जाणार. पावतीवर भांडायला तुमच्याकडं स्वतःची नोंद नाही.

म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला घ्या. १२ आकडे. आधी 'मारून घ्या, फायद्याचं आहे' म्हणाले. लसीकरणाला, नोंदीला फायदा झालाही असेल. पण आता बिल्ल्याशिवाय बाजारात म्हैस उभी करता येत नाही. फास्टॅगपण आधी सोयच होती, फेब्रुवारी २०२१ ला सक्तीचा झाला आणि नसला की दुप्पट टोल घ्यायला लागले. टोलच्या नावानं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं, एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं होते, ते याच कोल्हापुरात ना? मग हाताच्या बाबतीत एवढे गरीब का झालो आपण?

फौंड्रीवाला:
टोल आणि चिप एक केलीत, धन्य आहात. संडासाच्या दाराचा मुद्दा मात्र मान्य. तसं करणारे मालक आहेत, मला दोघं माहीत आहेत. पण एकाची हजेरी दुसऱ्यानं लावायची आणि त्याचा पगार मी द्यायचा, यावर तुमच्या हजार शब्दांत एक ओळ नाही.

वडणगेकर:
घ्या ओळ. गेटवर पंच केल्या केल्या कामगाराच्या हातात छापील चिठ्ठी पडू दे, आणि महिन्याची हजेरी नोटीस बोर्डावर लावा. शेजारचा गैरहजर असून त्याची हजेरी लागली, तर बाकीचेच बोंब मारतील, कारण त्याचं काम त्यांच्या अंगावर पडतं. खर्च चिपपेक्षा कमी. करणार का?

फौंड्रीवाला:
बोर्डावर लावली की युनियनवाले ओव्हरटाइमचा हिशेब काढतात.

लॉ_सेकंड_इयर:
म्हणजे लपवायचं काहीतरी आहे.

फौंड्रीवाला:
तू अभ्यास कर.

सिस्टर_कोल्हापूर:
तुमचं चालू द्या. आम्ही मामंजींना हुपरीहून चांदीचं कडं करून आणलंय. आतल्या बाजूला आजार, चालू गोळी आणि घरचे दोन फोन नंबर कोरून घेतलेत. टपरीवाल्यालाही वाचता येतात. तरी सांगते, उद्या अॅम्ब्युलन्समध्ये रीडर आले, माहिती सरकारी दवाखान्यात राहिली आणि नको वाटल्यावर काढून मिळाली, तर मी पहिल्या रांगेत असेन.

फौंड्रीवाला:
चांदीचं कडं? आज सोनार काय भाव सांगतोय बघितलात का? जोतिबाच्या गर्दीत कुणीतरी हातातून काढून नेईल.

सिस्टर_कोल्हापूर:
नेलं तर दुसरं करू. नंबर आमच्याकडंच आहेत.

उसाचा_फड:
सेक्रेटरी, सकाळी सहाला येतोय. माझी किटली मीच आणणार, आणि मशीन आधी पाण्यावर लावून दाखवायचं.